उताऱ्यावर अजून जुनीच नावं

या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्मी तरी एकाच दुखण्याची आहेत : काम पुढे गेलं, कागद मागे राहिला. मी स्वतः एका छोट्या संस्थेत आधी हिशेब लिहायला होते, नंतर सचिव झाले. त्यात बावीस वर्षं गेली. त्यामुळे पत्रांतली घालमेल मला ओळखीची आहे. उत्तरं महाराष्ट्रात नोंदलेल्या संस्थांपुरती आहेत. आयकराबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. नवा आयकर अधिनियम २०२५ चा, आणि तो १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मी इथे तोंडात बसलेली ‘बारा-ए’ (संस्थेला आयकरातून सूट देणारी नोंदणी), ‘ऐंशी-जी’ (देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारी) हीच नावं वापरते. अर्ज भरताना चालू क्रमांक तुमच्या सीएंना विचारून घ्या.

प्रश्न : ताई, आमचं वाचनालय आणि अभ्यासिका आहे. नोंदणी १९९८ ची. पहिल्या सात जणांपैकी दोघं वारले, तिघं बाहेरगावी गेले. त्यांच्या जागी वेळोवेळी सभेत ठराव करून नवे लोक घेतले, पण चेंज रिपोर्ट (बदल धर्मादाय कार्यालयाला कळवायचा अर्ज) एकदाही भरला नाही. आता बँक परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या आमच्या नोंदीचा, ताजा उतारा मागते आणि त्यावर १९९८ चीच नावं आहेत. खात्यावरचे व्यवहार थांबलेत, अभ्यासिकेचं वीजबिल मी खिशातून भरतोय. मधल्या काही वर्षांची इतिवृत्तं सापडत नाहीत. जाणकार म्हणवणारे एक जण सांगतात, जुन्या तारखा टाकून लिहून काढा. काय करू?

उत्तर : दादा, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. जुन्या तारखांची इतिवृत्तं आता बसून लिहू नका. कुणीही सांगितलं तरी नको.

आमच्या संस्थेत माझ्या आधीच्या मंडळींनी हेच केलं होतं. सहा वर्षांची इतिवृत्तं, एकच निळं पेन, एकच हस्ताक्षर. पुढे दोन गटांत बिनसलं आणि चेंज रिपोर्टला हरकत आली. चौकशीच्या दिवशी समोरच्या वकिलांनी आमचं प्रोसिडिंग बुक हातात घेतलं, पण आतलं एकही पान वाचलं नाही. पुठ्ठ्याची आतली बाजू उलटून साहेबांसमोर धरली. वही बनवणाऱ्याने तिथे वर्षाचं कॅलेंडर छापलं होतं, २००९ चं. आणि पहिलं इतिवृत्त होतं २००४ चं. मी तेव्हा सचिव होऊन चारच महिने झाले होते. मान खाली घालून उभी राहिले. त्यातल्या कितीतरी सभा खरोखर झाल्या होत्या, लोक आले होते, ठराव झाले होते. पण त्या दिवसानंतर त्या खऱ्या सभांवरही कुणी विश्वास ठेवेना. पुढची तीन वर्षं आम्ही तारखा केल्या.

आता तुमचं. तुमच्यासारखी संस्था बहुतेक दोन कायद्यांखाली नोंदलेली असते : १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. म्हणून तुमच्याकडे दोन दाखले असतील आणि दुसऱ्याच्या नंबरात ‘एफ’ अक्षर असेल. बँक ज्या उताऱ्याबद्दल बोलते तो या दुसऱ्या कायद्याच्या नोंदवहीचा. विश्वस्त, पत्ता, मालमत्ता, यांतलं काही बदललं की ९० दिवसांत कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयाला कळवायचं, हाच तो चेंज रिपोर्ट. माणूस निवडून येतो तो सभेतल्या ठरावाने. चेंज रिपोर्टने त्या निवडीची सरकारी नोंद होते. पण बँकेतल्या माणसाने तुमची सभा पाहिलेली नाही, त्याला नोंदच दिसते. त्याच्यावर रागावून उपयोग नाही. खातं चालवणारी माणसं कोण, हे त्याने विचारायलाच हवं.

कामाला बसताना आधी संस्थेची घटना शोधा. नसेल तर धर्मादाय कार्यालयात नकलेचा अर्ज करा, मूळ प्रत त्यांच्याकडे असते. तीन गोष्टी खूण करून ठेवा : कार्यकारिणीची मुदत किती वर्षांची, सभेची सूचना किती दिवस आधी द्यायची, गणपूर्ती किती. मग एका मोठ्या कागदावर डावीकडे १९९८ ची सात नावं लिहा आणि प्रत्येकापुढे त्याचं काय झालं ते लिहा. कोण कधी गेलं, कोणी राजीनामा दिला, त्या जागी कोण आलं, कुठल्या सभेत. कागद असेल तिथे बरोबरची खूण, नसेल तिथे मोकळी चौकट. हा तक्ता मी पहिल्यांदा केला तेव्हा मला दोन दिवस लागले, पण वकिलांनी त्याच्याकडे पाच मिनिटं पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं.

१९९८ वरून थेट आजच्या यादीवर एका अर्जात उडी मारायला जाऊ नका. प्रत्येक निवडीचा वेगळा अर्ज, आणि तोही क्रमाने. मागचा अर्ज लोंबकळला की पुढचाही लोंबकळतो. प्रत्येकाला सभेची सूचना, ती पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, ठरावाची नक्कल, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं लागतील. वारलेल्यांचे मृत्यूचे दाखले, बाहेरगावी गेलेल्यांचे राजीनामे किंवा ना-हरकत. ती माणसं हयात आहेत, फोन करा. तिघांपैकी एक जरी म्हणाला की ‘हो, मी त्या सभेला होतो, मी शपथपत्र देतो,’ तर एक मोकळी चौकट भरते. सोबत विलंब माफीचा अर्ज. त्यात कारण खरं लिहा. ‘हा नियम आम्हाला माहीत नव्हता, काम चालू होतं, संस्थेचा पैसा कुणी खाल्लेला नाही, ऑडिट सोबत जोडलं आहे,’ एवढं पुरतं. उशिराबद्दल काही रक्कम भरायला सांगितली तर भरून पावती ठेवा.

आणि ज्या वर्षी सभा झालीच नाही, त्या वर्षी ती झाली नाही असंच सांगा. मधला दुवा इतका तुटला असेल की घटनेप्रमाणे नवी माणसं निवडणारं वैध मंडळच उरलं नाही, तर १९५० च्या कायद्यातल्या कलम ४७ चा रस्ता आहे. संस्थेत हितसंबंध असलेली व्यक्ती धर्मादाय आयुक्तांकडे नवे विश्वस्त नेमण्यासाठी अर्ज करू शकते. वेळ लागतो, पण वाट सरळ आहे. कुठली वाट तुमची, हे वकिलांशी बोलून ठरवा. मात्र कागद तुम्ही लावा, ते काम त्यांच्यावर टाकू नका.

बँकेकडून मागणी लेखी घ्या आणि तिला लेखी उत्तर द्या : अमुक तारखेला अमुक अर्ज दाखल केला, पोच सोबत आहे. वीजबिलाच्या पावत्या जपा. त्या पैशांचं काय करायचं, ते तिसऱ्या उत्तरात आहे.

प्रश्न : माझा भाऊ परदेशात स्थायिक आहे. आमच्या मुलींच्या वसतिगृहाला दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायची त्याची इच्छा आहे. आमच्याकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदान कायद्याखालची, नोंदणी नाही. तो म्हणतो, तुझ्या खात्यावर टाकतो, तू संस्थेत भर. चालेल का?

उत्तर : भावाला एकच प्रश्न विचारा : पासपोर्ट कुठला? बाकी सगळं त्यावर आहे.

पासपोर्ट भारताचा असेल, तर तो कितीही वर्षं परदेशी राहिलेला असो, त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी योगदान धरली जात नाही. संस्थेच्या नेहमीच्या खात्यात घ्या, पावती द्या, पासपोर्टची प्रत फाइलला लावा. दरवर्षी नवी प्रत मागा, कारण माणसं मधेच नागरिकत्व बदलतात आणि आपल्याला सांगायचं राहून जातं.

पासपोर्ट परदेशाचा झाला असेल, तर मात्र तो कायद्याच्या नजरेत विदेशी स्रोत. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी तेच. आणि लक्षात घ्या, पैसा डॉलरमध्ये आला की रुपयांत, तिकडून आला की सुट्टीत आल्यावर त्याने इथे हातात ठेवला, याने फरक पडत नाही. देणारा कोण, हे पाहिलं जातं. तुमच्या खात्यावरून फिरवून घ्यायचा मार्ग नको. पैसा मुळात कुणाचा आणि कशासाठी आला, हे तेवढ्याने बदलत नाही. शिवाय उद्या चौकशी झाली तर तुम्ही आणि वसतिगृह, दोघं अडकाल.

मग सरळ मार्ग कोणता? २०१० च्या विदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी. त्यासाठी संस्थेला निदान तीन वर्षं झालेली हवीत आणि मागच्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. तेवढं नसेल तर ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक कामासाठी पूर्वपरवानगी मागता येते, त्याला देणगीदाराचं वचनपत्र लागतं. दोन्हींत पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीपासून हा पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाला त्यातले २० टक्केच वापरता येतात. आधी ही मर्यादा ५० होती. वर्षाला एकही पैसा आला नाही तरी विवरण भरायचंच.

भावाची रक्कम लहान असेल तर एवढा व्याप पेलायचा का, हे कार्यकारिणीत मोकळेपणाने बोला. मला विचाराल तर दोन-तीन परदेशी देणगीदार, ठरलेलं काम आणि विवरणं सांभाळणारा एक माणूस, हे तिन्ही असेल तरच त्यात पडा. नाहीतर भावाला सांगा, पुढच्या सुट्टीत येऊन मुलींना महिनाभर इंग्रजी शिकव. माझ्या ओळखीच्या एका संस्थेत असे एक गृहस्थ आले. त्या मुली अजून त्यांची आठवण काढतात.

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे, मागच्या वर्षी मला कोषाध्यक्ष केलं. आमचे अध्यक्ष म्हणजे संस्थेचे संस्थापक, वय ७८, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी आयुष्य घातलंय या कामात. पण ते माझ्याकडून कोऱ्या चेकवर सह्या घेऊन ठेवतात, संस्थेचा खर्च स्वतःच्या खिशातून करतात आणि मग जमेल तसे पैसे काढून घेतात. कधी काढतच नाहीत. ते चोर नाहीत ताई, उलट संस्थाच त्यांचं देणं लागत असेल. पण ऑडिटर मला विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही. काकांना कसं सांगू?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुला ‘तू’ म्हणते, रागावू नकोस.

सर्वात आधी, कोऱ्या चेकवर सही आजपासून बंद. चेकवर सही असते ती तुझी, त्यामुळे तो कुणी वापरला, कशाला वापरला, याची जबाबदारी तुझ्यावर येते. काकांचा हेतू कितीही चांगला असला तरी येते. सह्या करून ठेवलेले चेक परत माग, समोरासमोर रद्द कर, क्रमांक वहीत लिही.

काकांच्या खिशातल्या पैशांचा प्रश्न जास्त नाजूक आहे. विश्वस्ताने संस्थेला तात्पुरती म्हणून दिलेली रक्कम ताळेबंदात कर्ज म्हणून दिसते, आणि संस्थेसाठी कर्ज काढायला कलम ३६-अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. म्हणून तुझे ऑडिटर विचारतात. उलट्या बाजूने, काकांनी जास्तीचे काढले असं दिसलं तर विश्वस्ताला संस्थेच्या पैशाचा फायदा दिला, असा अर्थ निघतो आणि आयकरातली सूटच धोक्यात येते. म्हणजे काकांनी घातलेला पैसाही आणि काढलेला पैसाही, दोन्ही कागदावर नीट दिसले पाहिजेत.

व्यवस्था अशी लाव. किरकोळ खर्चाला ठरावीक रक्कम आगाऊ द्यायची, ठराव करून. महिना संपला की बिलं, व्हाउचर आणि उरलेली रोकड समोर. जेवढ्याची बिलं, तेवढीच भरपाई. काकांना जे परत घ्यायचंच नाही, त्याची त्याच दिवशी देणगी पावती फाड, तीही चेकने किंवा खात्यावर आलेली बरी. २,००० रुपयांच्या वर रोख देणगी असेल तर त्यांना ऐंशी-जीची वजावट मिळणार नाही. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख देऊ नकोस, तो खर्च आयकरासाठी धर्मादाय कामावरचा खर्च म्हणून धरला जात नाही. चेकवर सह्यांसाठी आठवड्यातला एक वार ठरव. बिल जोडलेलं नसेल तर सही नाही, मग बिल काकांचं असो की तुझं.

(वाचनालयवाले दादा, तुमच्या वीजबिलालाही हेच. पावत्या ठेवा, मंडळासमोर मांडा, खातं सुरू झालं की बिलापुरती भरपाई घ्या किंवा देणगी म्हणून जमा करा. गोळाबेरीज रक्कम ‘सचिवांचे उसने’ म्हणून वर्षानुवर्षं ओढू नका.)

आता काकांना कसं सांगायचं, ते. आमच्या संस्थेचे अध्यक्ष मास्तर होते. खर्च बसच्या तिकिटांच्या मागे लिहायचे आणि तिकीट सदऱ्याच्या खिशात. ‘वह्या ४०, डिंक, हमाली’ असं बारीक अक्षरात. धुण्यात गेलं की खर्च गेला. मी हिशेबाला बसायचे तेव्हा माझ्याकडे आकडे असायचे आणि त्यांच्याकडे आठवण. एकदा मी धीर करून म्हटलं, ‘मास्तर, तुमच्याबद्दल गावात कुणाला शंका नाही. पण तुम्ही नसाल तेव्हा तुमच्या बाजूने बोलायला ही वहीच असेल, आणि तिच्यात सध्या काहीच नाही.’ ते दुखावले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी आले, टेबलावर एक पाकीट ठेवलं. त्यात तिकिटं होती, तारखेप्रमाणे लावलेली. पुढे दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघं बसायचो, मी तिकिटं कोऱ्या कागदावर चिकटवायचे, ते शेजारी सही करायचे. त्यांच्या मागे संस्थेच्या हिशेबावर बोट ठेवायला काही लोक आले होते. आम्ही फाइल पुढे केली.

म्हणून काकांना ‘ऑडिटर विचारतात’ असं सांगू नकोस, ते म्हणतील मी बोलतो त्यांच्याशी. त्यांच्या नावासाठी म्हणून सांग. एकटी सांगू नकोस, त्यांचं ऐकून घेणारा एक जुना विश्वस्त बरोबर ने. आणि सभेत नाही, घरी. इतकं करूनही त्यांनी कोऱ्या सह्यांचा आग्रह धरला, तर मंडळाला लेखी कळव आणि पद सोड. ते तुला जड जाईल हे मला माहीत आहे. पण पगार नसलेल्या पदावरही जबाबदारी पूर्ण असते.

प्रश्न : आमच्याकडे आठ कार्यकर्त्या मानधनावर आणि चार-पाच मुलं स्वयंसेवक म्हणून येतात. पगार नाही, मानधनच आहे, त्यामुळे कामगार कायदे आम्हाला लागत नाहीत, असं आमचे खजिनदार म्हणतात. खरं का?

उत्तर : खरं नाही. कुठल्या शब्दाखाली पैसे देता याला महत्त्व नाही. ठरलेल्या वेळी यायचं, सांगितलेलं काम करायचं, रजा विचारून घ्यायची आणि महिन्याला ठरलेले पैसे, असं असेल तर तो पगारच. किमान वेतन पाहा. २० माणसं झाली की भविष्य निर्वाह निधी येतो. प्रत्येकीला साध्या मराठीत एक पानाचं नेमणूकपत्र द्या : काम, तास, रक्कम, रजा, किती दिवसांच्या सूचनेवर थांबायचं. कुणाकडून मानधनातून ‘देणगी’ कापून घेत असाल तर ते आजच थांबवा. काही संस्थांत हे चालतं. पंधरा हजारांवर सही आणि हातात नऊ, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गरीब बाईच्या पोटाला चिमटा घेऊन समाजकार्य होत नाही.

एका गोष्टीकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि या कायद्यात बिनपगारी स्वयंसेवकही कर्मचारी धरले जातात. म्हणजे तुम्ही आठ नाही, बारा-तेरा आहात. समितीची अध्यक्ष संस्थेतली वरिष्ठ महिला, निदान दोन सदस्य कर्मचाऱ्यांतले, एक बाहेरची जाणकार व्यक्ती, आणि निम्म्या तरी महिला. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची, चौकशी ९० दिवसांत संपवायची. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या संस्थेतल्या बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं.

‘आपण सगळे घरचेच आहोत’ असं म्हणून हे पुढे ढकललं जातं. आमच्याकडे एक हुशार कार्यकर्ती अचानक यायची थांबली. लग्न ठरलं असेल म्हणून आम्ही गप्प बसलो. दीड वर्षांनी ती मला रस्त्यात भेटली तेव्हा कळलं, गाडीवरून सोडायला जाणाऱ्या एका ज्येष्ठामुळे ती गेली होती. ‘कुणाला सांगायचं, तेच कळलं नाही,’ असं म्हणाली. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर भिंतीवर लावा, पाण्याच्या माठाशेजारी, जिथे रोज प्रत्येकीची नजर जाते.

प्रश्न : वार्षिक सभेला तीसेक जण अचानक आले, बरीच वर्षं वर्गणी न भरलेले. त्यांच्या मतांवर निवडणूक फिरली. हे मत धरायचं का?

उत्तर : १८६० च्या कायद्याचं कलम १५ वाचा. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ वर्गणी थकलेल्याला मत नाही, तो सदस्यांतही मोजायचा नाही. पण तुमचं सदस्य रजिस्टर अद्ययावत आहे का? वर्गणीच्या पावत्या आहेत का? रजिस्टरच नसेल तर कोण थकबाकीदार हे तुम्ही सिद्ध कसं करणार? चेंज रिपोर्टच्या चौकशीत पहिला प्रश्न हाच येईल. पुढच्या सभेच्या आधी प्रत्येकाला थकबाकीची लेखी सूचना पाठवा, आपल्या बाजूच्यांनाही.

प्रश्न : देणगीदार म्हणतात, ऐंशी-जीची पावती दिलीत पण वजावट मिळाली नाही.

उत्तर : हल्ली नुसत्या पावतीवर वजावट मिळत नाही. देणगीदारांचं वार्षिक विवरण तुम्ही ३१ मेपर्यंत ऑनलाइन भरायचं, त्यातून निघणारं प्रमाणपत्र त्यांना द्यायचं. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क आहे. पावती फाडतानाच पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन घ्या, मे महिन्यात शंभर जणांना फोन करणं नशिबी येणार नाही. बारा-ए आणि ऐंशी-जी, दोन्ही आदेशांवर मुदत संपायची तारीख आहे. त्या वेगवेगळ्या असू शकतात. मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दारावर आतून चिकटवा.

प्रश्न : आमचं महिलांचं शिवणकाम शिकवण्याचं काम ३१ वर्षं चाललं. आता आम्ही दोघीच धडधाकट उरलोय. अकरा मशीन, थोडी ठेव आणि एक भाड्याची खोली आहे. बंद करायचं म्हटलं की रडू येतं. मशीन आमच्या बायकांत वाटून टाकावीत, असं मनात आहे.

उत्तर : ताई, एकतीस वर्षं फार झाली. रडू येणारच.

पण मशीन वाटता येणार नाहीत. कायद्याप्रमाणे विसर्जनानंतर उरलेली मालमत्ता सदस्यांना मिळत नाही, दुसऱ्या संस्थेला जाते. विसर्जनासाठी सर्वसाधारण सभेत सदस्यांची तीन-पंचमांश मतं लागतात. बारा-ए असेल तर मालमत्ता वर्षभरात दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला गेली पाहिजे, नाहीतर जमलेल्या मालमत्तेवर कर बसतो. दुसरा पर्याय विलीनीकरणाचा, कलम ५०-अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे योजना मांडून. तुमच्या बाबतीत मला हा बरा वाटतो. शिवण शिकवणारी किंवा मुलींसाठी काम करणारी, चेंज रिपोर्ट आणि ऑडिट चालू असलेली एखादी संस्था शोधा. तिचे मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद मागा, मागायला संकोच करू नका. जुन्या विद्यार्थिनींना प्रवेशात प्राधान्य, वर्गाला संस्थेचं नाव, असं जे हवं ते बोलणीच्या वेळीच लेखी घ्या.

तोवर ऑडिट थांबवू नका. ३१ मार्चचा हिशेब ३० सप्टेंबरच्या आत तपासून घ्यायचा असतो, बंद पडत चाललेल्या संस्थेलाही. मशीनची यादी करा : कंपनी, क्रमांक, कधी घेतलं, कुणी दिलं, चालू की बंद. दोघींच्या सह्या. आणि मशीन न्यायला ते लोक येतील तेव्हा तुम्ही दोघी हजर राहा. कुठल्या मशीनचं पायडल अडतं आणि कुठल्याला जाड कापड चालत नाही, ते त्यांना सांगा.